खाणीचा अर्ज

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या आणि हरवल्या-सापडल्याच्या मजकुराशेजारी, अधूनमधून एक जाड चौकटीतली सूचना छापून येते. अमुक गावच्या अमुक सर्व्हे क्रमांकांत अमुक कंपनी अमुक उद्योग करू इच्छिते. त्यासाठी तिने पर्यावरण दाखल्याकरिता अर्ज केला आहे. सबब अमुक तारखेस, अमुक वाजता, अमुक सभागृहात जनसुनावणी होईल. ज्यांना काही म्हणावयाचे असेल त्यांनी ते तोंडी अथवा लेखी मांडावे. खाली प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याचा हुद्दा. आपल्यापैकी पुष्कळजण ही चौकट ओलांडून थेट क्रिकेटच्या पानाकडे जातात. मीही कित्येक वर्षे तसाच जात असे.

श्रोतेहो, या चौकटीला इतिहास आहे, आणि तो गोव्याच्या लोहखनिजाच्या खाणींत फार स्पष्ट दिसतो. याचे कारण असे की, येथे त्याच डोंगरांसाठी दोन राजवटींत, दोन निराळ्या कायद्यांखाली अर्ज झाले. पहिल्या अर्जात गाव कोठेच नव्हते. दुसऱ्या अर्जात गावाला एक रकाना मिळाला. तो कसा मिळाला आणि तो भरताना काय काय घडते, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

पहिल्या अर्जाची गोष्ट २० सप्टेंबर १९०६ रोजी सुरू होते. त्या दिवशी पोर्तुगीज सरकारने आपल्या वसाहतींसाठी खाणींविषयीचा एक हुकूमनामा काढला. त्याची मूळ कल्पना सोपी होती. जमिनीचा पृष्ठभाग ज्याचा असेल त्याचा असो. पोटातील खनिज सरकारचे. ते खनिज ज्याला प्रथम सापडेल त्याने आपल्या शोधाची सरकारदरबारी नोंद करावी. पुढे हद्द आखून घ्यावी, नकाशा करावा, शुल्क भरावे, आणि मग सरकारने त्याला सनद द्यावी. हिलाच आपल्याकडे ‘कन्सेशन’ म्हणू लागले. या सनदेला मुदत नव्हती. धारकाने दरसालचा कर भरावा आणि अटी पाळाव्यात, तोवर हक्क त्याचा व त्याच्यामागून त्याच्या वारसांचा. घराण्याचे वतन चालावे तसे हे खाणीचे वतन चालत असे.

आता त्या अर्जात काय असे, ते पाहा. खनिज कोणते, जागा कोठे, चतुःसीमा काय, अर्जदार कोण. राज्यकर्त्याला खनिजावरचा कर हवा होता आणि अर्जदाराला आपल्या हक्काची शाश्वती हवी होती. दोघांचे काम एवढ्या माहितीवर भागत असे. त्या डोंगराच्या कुशीतून कोणता झरा निघतो, त्या झऱ्याच्या पाण्यावर किती कुळागरे पोसली जातात, पायथ्याच्या शेतात वाहून येणारी माती कोण काढील, या प्रश्नांवर सनद अवलंबून नसे. यात पोर्तुगिजांनाच दोष द्यावा असे मी म्हणणार नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातही त्या काळी खाणवाल्याला असे काही विचारण्याची पद्धत नव्हती. खाण म्हणजे कुदळ, पहार आणि डोक्यावरची टोपली. एवढ्या साधनांनी डोंगराला होऊन होऊन काय होणार, अशीच समजूत होती.

परंतु आणखी एक गोष्ट होती, आणि ती मला भाषा शिकवणारा माणूस म्हणून अधिक जाणवते. हा सारा व्यवहार पोर्तुगीज भाषेत चाले. आमच्यासारख्या ख्रिस्ती घरांत, विशेषतः जुन्या काबिजादींत, पोर्तुगीज वाचणारा एखादा काका अथवा आजोबा निघत असे. पण लोहखनिजाचा पट्टा आहे तो डिचोली, सत्तरी, सांगे या नव्या काबिजादींच्या भागात. तेथील कष्टकरी माणूस घरात कोंकणी बोले. लिहिणे-वाचणे नशिबी आलेच तर ते खासगी मराठी शाळेत, गावच्या मास्तराकडे. त्याच्या डोंगराची सनद त्याला न कळणाऱ्या भाषेत लिहिली जात होती. त्याला ती वाचून दाखवावी, असे वाटण्याचे कोणाला कारणही नव्हते, कारण कायद्याच्या दृष्टीने त्या व्यवहारात तो पक्षकारच नव्हता.

या सनदा पहिली अनेक वर्षे कपाटातच पडून राहिल्या म्हणावयास हरकत नाही. दुसरे महायुद्ध संपले आणि चित्र पालटले. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या जपानला आपले पोलादाचे कारखाने पुन्हा उभारावयाचे होते. त्याला लोहखनिज हवे होते, आणि गोव्याचे खनिज तर नदीकाठी, बंदराजवळ. पन्नाशीच्या दशकात मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांतून खनिजाने भरलेल्या बार्जेस मुरगावकडे जाऊ लागल्या. कुदळीच्या जागी यंत्रे आली, टोपलीच्या जागी ट्रक आला. सनदांची संख्या शेकड्यांवर गेली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा खाण हा येथील सर्वांत मोठा उद्योग होऊन बसला होता.

टोपलीकडून ट्रककडे झालेला हा बदल ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा कायदा समजत नाही. गोव्यात एक टन लोहखनिज काढावयाचे तर साधारणतः अडीच ते तीन टन टाकाऊ माती बाजूला काढावी लागते. या मातीचे डोंगर, ज्यांना आपण ‘डंप’ म्हणतो, खाणीशेजारीच रचले जातात. गोव्याचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. आषाढात या ढिगाऱ्यांची तांबडी माती ओहोळातून शेतात आणि शेतातून नदीत उतरते. दुसरीकडे खाण खोल जाता जाता भूजलाच्या पातळीखाली जाते. मग खणणे चालू ठेवण्यासाठी पंप लावून पाणी उपसत राहावे लागते, आणि आसपासच्या विहिरी त्या प्रमाणात खाली जातात. १९०६ च्या हुकूमनाम्यातील चतुःसीमेची रेषा खनिजाच्या मालकीपुरती बरोबर असेलही. माती आणि पाणी मात्र ती रेषा पाळत नव्हते.

मुक्तीनंतर लगेच काही फरक पडला का? कागदोपत्री पडला. खनिजांविषयीचा १९५७ चा केंद्रीय कायदा १ ऑक्टोबर १९६३ पासून गोव्यास लागू झाला. पण पोर्तुगीज सनद म्हणजे या कायद्यातील भाडेपट्टा, म्हणजे लीज, होय की नव्हे, यावर वाद सुरू झाला व तो वीस वर्षे चालला. १९८३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, सनद म्हणजे लीज नव्हे, असा निर्णय दिला. तेव्हा संसदेने १९८७ मध्ये स्वतंत्र कायदा करून या सनदा रद्द केल्या आणि त्यांचे रूपांतर खाणपट्ट्यांत केले. बेमुदत वतनाला मुदत आली. वकीलवर्गाला या प्रकरणात पुष्कळ रस असला, तरी गावाच्या दृष्टीने त्यात फारसे काही नव्हते. पूर्वी सरकार आणि सनदधारक हे दोघेच होते. आता सरकार आणि पट्टाधारक हे दोघे झाले. तिसरे माणूस अद्याप बाहेरच उभे होते.

ते आत येण्याची वाट दुसऱ्याच बाजूने उघडली. १९७२ च्या जूनमध्ये स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणाविषयी परिषद भरली. त्यानंतर आपल्या देशात १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा आणि १९८१ चा हवेच्या प्रदूषणाचा कायदा झाला. या कायद्यांनी प्रदूषण नियंत्रण मंडळे निर्माण केली आणि कारखानदाराला प्रथमच असा एक अर्ज करावयास लावला की, ज्यात तो आपल्या धंद्यातून काय निर्माण होणार एवढेच सांगून सुटू शकत नव्हता. त्यातून काय बाहेर टाकले जाणार, हेही त्याला लिहावे लागे. सांडपाणी किती, ते कोठे सोडणार, धुराड्याची उंची किती. याला मंडळाचे ‘संमतीपत्र’ म्हणतात. बेळगावकडच्या साखर कारखान्याला ते लागते, बडोद्याच्या रसायन कारखान्यालाही लागते. मग १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ घडले. हजारो माणसे एका रात्रीच्या वायूने मेली अथवा जन्माची अधू झाली, आणि आपण ज्या कारखान्याच्या भिंतीला लागून राहतो त्यात काय साठवलेले आहे हे त्या वस्तीला कोणी कधी सांगितलेच नव्हते, ही गोष्ट जगापुढे आली. दीड वर्षाने, १९८६ मध्ये, पर्यावरण संरक्षण कायदा झाला.

या कायद्याखाली २७ जानेवारी १९९४ रोजी केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. २९ प्रकारचे उद्योग व प्रकल्प तिच्या परिशिष्टात होते. धरणे, बंदरे, विमानतळ, रासायनिक कारखाने आणि मोठ्या खाणी. यांपैकी काहीही नव्याने उभारावयाचे अथवा वाढवावयाचे तर आधी दिल्लीहून पर्यावरण दाखला घ्यावा लागेल, आणि त्यासाठी प्रकल्पाचा परिसरावर होणारा आघात अभ्यासून त्याचा अहवाल द्यावा लागेल, असे तिने ठरवले.

अर्जात आता डोंगर आला, झरा आला, पक्षी आले. माणसे मात्र पुरती आली नव्हती. त्याच सुमारास फोंडा तालुक्यातील केरीच्या पठारावर जे घडले त्यावरून हे ध्यानात येते. तेथे थापर-ड्यूपाँट या कंपनीचा नायलॉन ६,६ चा कारखाना व्हावयाचा होता. सरकार अनुकूल होते. पण पठाराखालच्या गावांना आपल्या झऱ्यांची आणि बागायतीची चिंता वाटू लागली, आणि ती चिंता मांडण्यासाठी कायद्यात जागा नसल्यामुळे लोक रस्त्यावर आले. १९९५ च्या जानेवारीत तेथे पोलिसांच्या गोळीने एका तरुणाचा जीव गेला. पुढे कारखाना गोव्यातून उठून तामिळनाडूत गेला. तो कारखाना वाईट होता की चांगला, याचा निवाडा मी येथे करीत नाही. तो निवाडा सभागृहात, कागद समोर ठेवून, उलटसुलट प्रश्न विचारून व्हावयास हवा होता आणि तो गोळीबाराने झाला, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

१० एप्रिल १९९७ रोजी १९९४ च्या अधिसूचनेत दुरुस्ती झाली आणि जनसुनावणी बंधनकारक झाली. पहिल्या हुकूमनाम्यानंतर जवळजवळ ९१ वर्षांनी गाव अर्जात आले.

आमच्या चर्चमध्ये लग्नापूर्वी वधूवरांची नावे तीन रविवारी वाचून दाखवण्याची जुनी रीत आहे. अमुक आणि अमुक यांचा विवाह होणार आहे; त्यास कोणाला काही हरकत ठाऊक असेल तर त्याने ती कळवावी. लहानपणी आम्हां मुलांना तो केवळ विधी वाटे, कारण हरकत घेणारा कोणी उभा राहिलेला आम्ही कधी पाहिला नव्हता. पुढे पाद्रीबाबांनी समजावले की, नावे वाचण्यामागे भांडण लावण्याचा हेतू नसतो. जे गावाला ठाऊक आहे आणि पाद्रीला ठाऊक नाही, ते वेळीच समजावे यासाठी ती वाचतात. जनसुनावणीचे मर्म मला यापेक्षा वेगळे वाटत नाही. दिल्लीत बसलेल्या तज्ज्ञाला भूगर्भशास्त्र कळते. पण कोणत्या बांधाखाली उन्हाळ्यातही पाझर असतो, हे त्या बांधावर बसणाऱ्यालाच ठाऊक असते.

सध्याची पद्धत १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेवर उभी आहे. तिचे काही नियम मुद्दाम सांगण्यासारखे आहेत. अर्जदार प्रथम एक ठरावीक नमुना भरून देतो, ज्याला ‘फॉर्म एक’ म्हणतात. त्यावरून अभ्यास कशाकशाचा करावयाचा हे तज्ज्ञ समिती ठरवते. अहवालाचा मसुदा झाला की तो जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीत, पंचायतीत आणि अन्य ठिकाणी पाहावयास ठेवतात. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यांपैकी एक प्रादेशिक भाषेतील असावे लागते. सुनावणी प्रकल्पाच्या जागी अथवा अगदी जवळ होते. अध्यक्ष जिल्हाधिकारी अथवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी. शेवटी जे बोलले गेले त्याचा गोषवारा तेथल्या तेथे, स्थानिक भाषेत समजावून, वाचून दाखवावा लागतो. हा शेवटचा नियम मला फार मोलाचा वाटतो. आपण बोललो ते लिहिले गेले की नाही, हे साहेब खुर्चीतून उठण्यापूर्वी ऐकण्याचा हक्क साध्या माणसाला मिळाला आहे.

त्याच अधिसूचनेत एक छोटे वाक्य आहे. सुनावणीसाठी गणसंख्येची अट नाही. म्हणजे सभागृहात कोणी आले नाही तरी सुनावणी झाली असे धरले जाते. आपण घरी बसलो तर आपले मौन कोठल्या बाजूस मोडेल, हे यावरून समजावे.

आता अहवालाविषयी. मूळ अहवाल इंग्रजीत असतो, शेकडो पानांचा. त्याचा सारांश मात्र राज्याच्या राजभाषेत अथवा स्थानिक भाषेत द्यावा लागतो. गोव्यात देवनागरी कोंकणी ही राजभाषा, आणि १९८७ च्या राजभाषा कायद्याने मराठीचाही शासकीय कामात वापर करता येतो. त्या वादात आज शिरत नाही. सारांश कोणत्या का भाषेत असेना, तो कळावा, इतकेच मागणे आहे. काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी असा एक सारांश घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या गावात सुनावणी होती, आणि वडीलधाऱ्यांना तो वाचून दाखवावा अशी त्याची विनंती होती. मी गेलो. ओसरीवर दहाबारा माणसे बसली होती. मी वाचत होतो आणि माझे मलाच संकोचल्यासारखे होत होते, कारण ते मराठी होते आणि मराठी नव्हते. इंग्रजी वाक्याला देवनागरी अंगरखा चढवलेला. ‘प्रकल्पामुळे भूजल पातळीवर होणारा प्रभाव नगण्य राहील’, असे एक वाक्य आले. एक म्हातारे शेतकरी मधेच म्हणाले, “मास्तर, नगण्य म्हणजे किती हात?”

विहिरीचे पाणी ते हाताने मोजत होते. वैशाखात त्यांच्या विहिरीत पाणी किती हात असते, हे त्यांना बापजाद्यांपासून ठाऊक होते. त्यांना उत्तर हवे होते ते त्याच मापात. मी सारांश शेवटपर्यंत चाळला, आकडा नव्हता. मूळ इंग्रजी अहवालात तो होता, आणि तो शोधावयास आम्हांला दोन दिवस लागले. सुनावणीत त्यांनी नेमका तोच प्रश्न उभे राहून विचारला आणि तो गोषवाऱ्यात लिहिला गेला. पुढे त्याचे काय झाले ते सांगण्याचा हा प्रसंग नव्हे.

या सभांत एकाच बाजूचे लोक येतात असे कोणी समजू नये. ट्रकवाले येतात, बार्जवरचे खलाशी येतात, यंत्रावर काम करणारे येतात, हप्त्याने ट्रक घेतलेला तरुण येतो. खाण चालू असली तर त्यांच्या घरी चूल पेटते. १९५० नंतर सीमेपलीकडून, कोकणातून आणि कारवार-बेळगावकडून पुष्कळ कुटुंबे या कामावर आली आणि येथलीच झाली. ज्यांची शेते मातीखाली गेली त्यांचे दुःख जितके खरे, तितकीच या माणसांची काळजीही खरी आहे. किंबहुना पुष्कळदा ती एकाच घरात असते; बाप शेताविषयी बोलतो आणि मुलगा ट्रकविषयी.

यानंतरचा भाग थोडा गुंतागुंतीचा आहे, तरी तो टाळता येत नाही. जुन्या खाणी म्हणत की, आम्ही नव्या नव्हेत, मग आम्हांला हा दाखला कशास? १८ मार्च २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, पट्ट्याचे नूतनीकरण करतानाही १९९४ ची अधिसूचना लागू होते. त्याच सुमारास चीनची मागणी वाढली. २०१०-११ या एका वर्षात गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज बाहेर गेले. बेकायदा खाणकामाच्या चौकशीसाठी केंद्राने नोव्हेंबर २०१० मध्ये न्यायमूर्ती शहा यांचा आयोग नेमला. त्याचा गोव्याविषयीचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत आला. तीन दिवसांनी राज्य सरकारने खाणी थांबवल्या, १४ सप्टेंबरला केंद्राने पर्यावरण दाखले स्थगित केले, आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. ट्रक अंगणात उभे राहिले. बार्जेस नदीत नांगरल्या गेल्या.

२१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, १९८७ च्या कायद्याने आलेले पट्टे आणि त्यांचे पहिले नूतनीकरण यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती. म्हणजे त्यानंतर सुमारे पाच वर्षे जे खोदले ते पट्ट्याविना. हे कसे चालले? नूतनीकरणाचे अर्ज सरकारकडे पडून होते. नियमात अशी एक सोय होती की, अर्जावर निर्णय झाला नाही तर निर्णय होईपर्यंत मुदत वाढली असे मानावे. दुसऱ्या नूतनीकरणाला ती सोय लागू नाही, असे न्यायालय म्हणाले. पट्ट्याच्या हद्दीबाहेर डंप टाकता येणार नाहीत, हेही त्याच निकालात आहे.

मग अर्ज निकालात निघू लागले, आणि ते कसे, ते पाहण्यासारखे आहे. वर्षानुवर्षे न हलणाऱ्या फाइली २०१४ च्या नोव्हेंबरापासून हलू लागल्या. खाणपट्टे यापुढे लिलावानेच द्यावेत, असा केंद्राचा वटहुकूम १२ जानेवारी २०१५ रोजी निघाला. त्या एका दिवशी गोव्यात ३१ पट्ट्यांचे नूतनीकरण झाले. एकूण ८८. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ही सर्व नूतनीकरणे रद्द केली आणि नवे पट्टे, नवे पर्यावरण दाखले घ्यावे लागतील असे स्पष्ट केले. त्या वर्षीच्या मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा बंद झाल्या.

अर्जाच्या इतिहासात खाणीपलीकडची एक नोंदही केली पाहिजे, कारण ती थेट त्या ‘फॉर्म एक’विषयी आहे. पेडणे तालुक्यात मोपा येथे विमानतळ व्हावयाचा होता. त्याला ऑक्टोबर २०१५ मध्ये पर्यावरण दाखला मिळाला. या नमुन्यात, प्रकल्पाच्या हद्दीपासून १५ किलोमीटरच्या आत कोणती संवेदनशील स्थळे येतात, असा प्रश्न असतो. मोप्याचे पठार अगदी सीमेवर, पलीकडे सिंधुदुर्ग. तेथील जंगले आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील गावे अर्जात पुरेशी उघड केलेली नव्हती. २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दाखला स्थगित केला आणि तज्ज्ञ समितीस फेरविचार करावयास सांगितले. फेरविचार होऊन, वाढीव अटी घालून, १६ जानेवारी २०२० रोजी स्थगिती उठली; विमानतळ झाला आणि जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. काहीजण म्हणतात, मग एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय झाला? मला वाटते, झाला. राज्यांची सीमा नकाशावर असते, जंगलाला ती नसते, हे अर्ज भरणाऱ्याने लिहून दिले पाहिजे, एवढे तरी त्यातून ठरले. सीमाभागात राहणाऱ्या श्रोत्यांना याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

२०२० च्या मार्चमध्ये केंद्राने २००६ च्या अधिसूचनेच्या जागी नव्या अधिसूचनेचा मसुदा पुढे आणला. सूचनेची मुदत ३० दिवसांवरून २० वर आणावी असे त्यात होते. देशात टाळेबंदी होती. मसुदा प्रामुख्याने इंग्रजीतच होता आणि त्यावर लोकांची मते मागवलेली होती! ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने, घटनेच्या आठव्या परिशिष्टातील सर्व २२ भाषांत त्याचा अनुवाद करावा, असा आदेश दिला. ती बातमी वाचली तेव्हा मला ते ओसरीवरचे शेतकरी आठवले. प्रश्न विचारण्याच्या हक्काविषयीचा कागदच आधी आपल्या भाषेत यावा, यासाठीही न्यायालयात जावे लागले होते.

डिसेंबर २०२२ मध्ये गोव्यात लिलाव झाले. त्यांतील पहिल्या खाणीसाठी, डिचोलीच्या खनिज गटासाठी, २०२३ च्या ऑगस्टमध्ये जनसुनावणी झाली. जानेवारी २०२४ मध्ये दाखला मिळाला आणि त्याच वर्षी खोदकामास प्रारंभ झाला. हा गट सुमारे ४७८ हेक्टरांचा, पूर्वीचे पट्टे एकत्र करून केलेला. लामगाव, मुळगाव, मये, शिरगाव या गावांची जमीन त्याच्या हद्दीत येते. सुनावणीत आणि नंतरही गावकऱ्यांची एक मागणी पुन्हा पुन्हा पुढे आली. आमची घरे, देवळे, तळी आणि शेते या हद्दीतून वगळा, अशी ती मागणी होती. मूळ पट्ट्यांच्या रेषा पोर्तुगीज अमदानीत आखल्या गेल्या तेव्हा हे कोणी विचारले नव्हते. घरे त्या रेषांच्या आत तेव्हाही होती.